शाळा सोडल्याचा दाखला

नाव : तांबिटकर प्रणित सुरेश.
इयत्ता नववी, तुकडी ब.
जन्मतारीख अंकी लिहिली, अक्षरी लिहिली.
प्रगती : बरी.
वर्तणूक :
इथे पेन अडलं म्हणावं
तर पेन नवीन आहे.

समोर बाकावर त्याचे वडील.
फोर्टमधल्या कुठल्याशा कचेरीत लिफ्ट चालवतात.
टेंभीपाड्यावरून चालत आलेत,
पिशवीत ग्रंथालयाचं पुस्तक.
"मुदत उलटून गेली," म्हणतात, "दंड किती झाला?"
मी तारखा मोजतो.
मोजता मोजता मधे
तो सोमवार येतो.

प्रार्थना संपली होती.
बाईंच्या हातात चिठ्ठी, वहीच्या मधल्या पानाची,
पिन असते तिथे दोन भोकं.
'तु हसलीस की आपल्या वर्गातला पंखा जोरात फिरतो.'
एवढंच.
त्यातला 'तु' ऱ्हस्व.
बाईंनी तो उकारही माइकवर फोडून सांगितला
आणि नऊशे पोरं हसली.
तो स्टेजवर, एक मोजा घसरलेला,
ओढायला वाकला तर पुन्हा हसली.
त्या मुलीचं नाव मी इथे लिहीत नाही.
ते त्या दिवशी पुरेसं घेऊन झालंय.

अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे असतो.
वीस वर्षं. झेंडावंदन, स्नेहसंमेलन, शोकसभा.
मागून कुणीतरी ओरडलं, ऐकू येत नाही,
मी बटण फिरवलं.
सवयीनं. कुणी विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं.
कुणी विचारलं नाही.

चौकशी समिती बसली. पाच खुर्च्या, चहा, वेफर्स.
बाई म्हणाल्या, शिस्त.
वर्गशिक्षक तेव्हा रजेवर होते.
विश्वस्त म्हणाले, घरचं काही असेल, बघा.
डॉक्टर म्हणाले, कारण कधी एकच नसतं.
ते खरं असेल. बोलताना त्यांनी चहा बाजूला ठेवला होता.
अहवाल मीच टाइप केला :
'सदर घटनेस कोणीही एकटा जबाबदार नाही.'
वाचून सगळ्यांचे खांदे जरा उतरले.
मी त्या 'एकटा'पाशी अडकलो.
आमच्यातल्या कुणालाच व्हायचं नव्हतं ते
सोमवारी सकाळी, सव्वासात ते साडेसात,
तो होता.

आणि एक, अहवालात नसलेलं.
बुधवारी तो माझ्या खिडकीशी आला.
बसच्या पासाचा अर्ज हवा होता. दिला.
गेला नाही. खिडकीच्या फळीवर
नखानं काहीतरी कोरत राहिला.
मी मान वर न करता म्हणालो, "आणखी काही?"
"नाही."
त्या 'नाही'च्या आधी तो किती वेळ थांबला
ते मला आता ऐकू येतं.
तेव्हा मी पगारपत्रक करत होतो,
बेरीज चुकत होती.

"दंड काही नाही," मी वडिलांना म्हणतो.
"असं कसं? नियम आहे ना."
बारा रुपये ठेवतात टेबलावर, सुटे, मोजून.
मी पावती फाडतो.
"दाखला कशाला हवाय?"
विचारायला नको होतं.
"त्याचा एक तरी कागद पुरा असावा घरात."

शाळा सोडण्याचे कारण :
दोन इंचांचा रकाना.
बदली मावते त्यात, स्थलांतर मावतं,
पालकांची विनंती मावते.
कच्च्या कागदावर मी माझं नाव लिहून पाहिलं.
बरोबर बसलं.
म्हणूनच खोडलं.
एक नाव नीट बसलं की
बाकीचे सुटतात.

मैदानात उद्याच्या बक्षीस समारंभाचा माइक तपासतायत,
हॅलो, एक, दोन, हॅलो.
वडिलांनी चष्मा काढून
पुस्तकावर ठेवलाय.
"लिहा तुम्ही सावकाश," म्हणतात,
"मी आज सुट्टी काढलीय."